खिळलेलं पान

टाळ्या वाजायला लागल्या तशी समाधान भोईटेची मान खाली गेली. सगळ्यांना वाटलं, गडी विनयशील आहे. विनय कसला डोंबलाचा! गडी लाजेनं अर्धा झाला होता, पण त्या सभागृहात ते त्याच्या एकट्यालाच ठाऊक होतं.

"पेशंट क्रमांक सतरा," त्याच्या वरिष्ठ कुंटे मॅडम पडद्याकडे हात करून म्हणाल्या. "वय बहात्तर. विस्मरणाचं चौथं वर्ष. मुलगा परगावी, भेट जवळजवळ नाहीच. आणि आज बासष्टाव्या दिवशी या आजोबांना मुलाचं सगळं आठवतंय. त्याच्या पहिल्या सायकलचा रंगसुद्धा! समाधान, उभा राहा बाबा. लाजतोस काय असा नव्या नवरीसारखा?"

समाधान उभा राहिला. सायकल हिरवी होती. कंपनीत पेशंटांची नावं झाकलेली असतात, म्हणून सतरा नंबरचे आजोबा म्हणजे हणमंत भोईटे, फलटणच्या एसटी स्टँडवरून निवृत्त झालेले वाहतूक नियंत्रक आणि समाधानचे सख्खे वडील, हे तिथं कुणाला माहीत नव्हतं. त्यानं दोन शब्द बोलावेत असा आग्रह झाला. "सगळ्यांचे आभार," एवढं म्हणून तो खाली बसला.

जेवणाच्या सुट्टीत संजूताईचा फोन आला. संजीवनी, त्याच्याहून चार वर्षांनी मोठी. अण्णांना, म्हणजे वडिलांना, भ्रम व्हायला लागल्यावर साताऱ्याच्या मुलींच्या वसतिगृहातली अधीक्षकाची नोकरी सोडून फलटणला येऊन राहिलेली. ती कधी दुपारी फोन करत नसे.

"समा, गुरुवारी ये. अण्णांना पुण्याला घेऊन जा."

"का गं? काय झालं?"

"काही नाही. वसतिगृहवाले परत बोलावतायत, जाते म्हटलं." मग म्हणाली, "आणि अण्णांना तूच हवायस. मला ओळखत नाहीत ते आता. दीड महिना झाला."

"दीड महिना? अगं, मग बोलली का नाहीस?"

"काय बोलू? तुझं मशीन नीट चाललंय की. तुझं सगळं आठवतं त्यांना. माझंच तेवढं आठवत नाही, त्याला मशीन काय करणार? आत्या म्हणाली ते खरं. शेवटी मुलगा तो मुलगाच. अण्णांच्या मनात तूच होतास, मी आपली उगाच चार वर्षं..."  "गुरुवारी ये," म्हणाली आणि फोन ठेवला.

आता समाधाननं काय केलं होतं ते सांगायला हवं, आणि त्यासाठी ते मशीन समजून घ्यायला हवं.

'स्मरणी' म्हणजे कानामागे कातडीखाली बसवायची, तांदळाच्या चार दाण्यांएवढी चिप. विस्मरणाच्या आजारात आठवण पुसलीच जाते असं नाही. पुष्कळदा ती असते तिथंच, तिच्यापर्यंत जायची वाट मोडलेली असते. स्मरणी ती वाट धरून ठेवते, एका वाटेला एक पान. चेहरा दिसला, आवाज आला, की चिप ते पान उघडते आणि मेंदूला आठवणीच्या दारापर्यंत नेते. अडचण एवढीच की चिपमध्ये पानं मोजकीच मावतात. जास्त पानं म्हणजे जास्त वीज, जास्त वीज म्हणजे उष्णता, आणि मेंदूच्या शेजारी उष्णता वाढवून चालत नाही. म्हणून बाकीची पानं घरातल्या एका डब्यात ठेवायची. लागेल ते पान डब्यातून चिपमध्ये आणायचं, त्याच्यासाठी दुसरं एखादं परत डब्यात पाठवायचं. कुठलं ठेवायचं नि कुठलं काढायचं, हे ठरवतो यंत्राचा गाभा, ज्याला धंद्यातली माणसं कर्नेल म्हणतात. तो भाग समाधानकडे होता.

पूर्वी हिशेब साधा होता. जे पान सगळ्यांत जास्त दिवस उघडलं नाही, ते बाहेर. पण म्हातारी माणसं एखादं जुनं भांडण दिवसभर मनात घोळवत बसतात. ते पान गरम राहायचं आणि रोज जेवू घालणाऱ्या सुनेचं पान बाहेर पडायचं. समाधाननं नियम बदलला. मनात घोळवलेलं मोजायचं नाही, समोर आलेलं मोजायचं. जो भेटतो, बोलतो, हात लावतो, त्याचं पान आत. एवढ्या एका सुधारणेनं कित्येक घरांत सासूच्या तोंडी सुनेचं नाव परत आलं. समाधानचं नाव झालं ते त्यामुळे, आणि ते नाव खरं होतं.

काही पानं मात्र कधीच हलवायची नसतात. घास गिळायचा कसा, आपलं नाव काय, चुलीला हात का लावू नये. अशा पानांना खिळा मारलेला असतो. खिळ्यांच्या नियमांतली पहिलीच ओळ होती, 'माणसाच्या पानाला खिळा मारू नये.' मुभा दिली तर बापाच्या डोक्यात कोण राहणार यावरून भावाभावांत कोर्टकचेऱ्या होतील, हे सांगायला ज्योतिषी नको होता. ती ओळ समाधाननंच लिहिली होती.

आणि त्यानंच ती मोडली. अण्णांना स्मरणी बसवल्यावर तिसऱ्या आठवड्यात त्यानं त्यांची नोंदवही उघडली. लवकरच बाहेर जाणाऱ्या पानांच्या यादीत सगळ्यांत वर नाव होतं, समाधान. यंत्राचं काय चुकलं होतं? तो फोन करायचा एका आड एका रविवारी. जेवलात का, औषध घेतलंत का, बरं, ताईला द्या. चार मिनिटं. दिवाळीला येतो म्हणाला आणि गेला नाही, त्याच्या आदल्या दिवाळीलाही नाही. त्याच ओळीत शेवटच्या रकान्यात आणखी एक आकडा होता. 'मनात : रोज सरासरी तेहतीस वेळा.' म्हणजे म्हातारा दिवसातून तेहतीस वेळा पोराला आठवत होता. तो रकाना मोजू नये असं यंत्राला पोरानंच शिकवलं होतं.

त्याच दिवशी फलटणची गाडी पकडली असती तर ही गोष्ट इथंच संपली असती. पण लाजलेला माणूस सरळ वाटेनं जातो कुठं? तो आधी लाज झाकायला बघतो. समाधाननं अण्णांच्या चिपपुरती एक ओळ लिहिली, स्वतःच्या पानाला खिळा मारला. कर्नेलमधल्या प्रत्येक बदलाला दुसऱ्याची सही लागते, त्यावरही त्याच्याकडे तोड होती. बदलाला मथळा दिला, 'किरकोळ साफसफाई'. या धंद्यात साफसफाई कुणी वाचत नाही, सगळे डोळे झाकून सही करतात. कुंटे मॅडमनी दोन मीटिंगांच्या मधे सही केली.

ताईचा फोन ठेवल्यावर त्यानं ती नोंदवही परत उघडली, आणि आपण काय करून बसलोय ते त्याला पाच मिनिटांत दिसलं. एकटं पान कधी खिळत नाही. त्याला जोडलेली पानंही त्याच्याबरोबर खिळतात, तसं नसतं तर गिळण्याचं पान राहून चावण्याचं निघून गेलं असतं. हाही नियम त्याचाच. खिळा मारताना त्यानं जोडपानं मोजली नव्हती. स्वतःला असा केवढा समजत होता तो? दहा-पंधरा पानं धरून चालला होता. पण बापाच्या मनात पोराच्या पानाला काय काय जोडलेलं असतं ते पोराला कुठून ठाऊक! बाळंतपणाच्या रात्रीचा दवाखाना, गोवर, हिरवी सायकल, बक्षीस समारंभ, पुण्याच्या कॉलेजचं पत्र, पहिल्या पगाराचा शर्ट. एकेचाळीस टक्के चिप एकट्या समाधाननं अडवली होती. उरलेल्या चिंचोळ्या जागेत अण्णांचा अख्खा दिवस दाटीवाटीनं चालला होता. चहा आत आला की औषध बाहेर, औषध आलं की संजू बाहेर. तिचं पान दिवसातून दोनशे वेळा डब्यातून निघत होतं आणि पोचायच्या आत दुसऱ्यासाठी मागं फिरत होतं.

आणि कुणालाच काही बिघडलंय असं वाटलं नाही, हे त्याला जास्त लागलं. बापाला पोरगा आठवतो, पोरगी आठवत नाही. आत्याला ते रीतीचंच वाटलं, कंपनीला यश वाटलं आणि ताईला खरं वाटलं.

गुरुवारी दुपारी तो फलटणला उतरला. परतीचं साडेसातचं तिकीट खिशात होतं. वाटेत त्यानं ठरवून टाकलं होतं, बिघाड होता म्हणून सांगायचं. खिळा मारायला कंपनीतली सही पुरली होती, पण काढायचा तर सांभाळणाऱ्या माणसाचा अंगठा डब्यावर लागतो, तेवढा ताईचा घ्यायचा आणि विषय मिटवायचा.

अण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. त्याला बघताच ताडकन उठले.

"आलास व्हय रं! ये, ये. अहो बाई, माझा मुलगा आलाय बघा, समाधान! मी सांगत नव्हतो? पुण्याला मोठा इंजिनिअर आहे. पाणी आणा, पाणी!"

ताई पाण्याचा तांब्या घेऊन आली. ती वाळली होती. अण्णांसमोर ती परक्या बाईसारखी डोक्यावर पदर घेऊन वावरत होती. पदर नसला की 'कोण तुम्ही, घरात कशा शिरलात' म्हणून ते ओरडायचे, हे तिनं नंतर सांगितलं.

"या बाई फार चांगल्या आहेत," अण्णा त्याच्या कानाशी म्हणाले, पण आवाज स्टँडवर गाड्या पुकारून कमावलेला, सगळ्या आळीला ऐकू जाणारा. "तूच ठेवलंयस ना त्यांना? स्वयंपाक झकास करतात. पण मूळ कुठल्या काय, सांगत नाहीत."

ताई तांब्या ठेवून आत गेली. 

हेच अण्णा दोघांना शाळेसाठी उठवायचे ते पुकारा करून. 'प्रवाशांनी लक्ष द्यावे, फलाट क्रमांक एकवरची संजीवनी गाडी सुटण्याच्या तयारीत आहे. समाधान गाडी नेहमीप्रमाणे लेट.' ताई उठून हसायची आणि हा गोधडी ओढून घ्यायचा.

जेवणानंतर अण्णा आडवे झाले. समाधान स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बसला.

"ताई, मशीनमध्ये बिघाड होता. म्हणून तुझं पान टिकत नव्हतं. अण्णांच्या मनाचा काही दोष नाही. आज दुरुस्त करतो. तुझा अंगठा लागेल फक्त."

ताईनं हातातली परात खाली ठेवली. "खरं सांगतोस? बिघाड?"

"अगदी खरं."

ती मटकन पाटावर बसली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. मग रडतारडता हसली. "अरे, मी काय काय मनात आणलं रे अण्णांबद्दल! देवा! आणि तुझ्याबद्दलसुद्धा. खोटं कशाला बोलू, तुझा राग आला होता मला." तिनं डोळे पुसले आणि त्याच्या पाठीवर हात ठेवला. "तू कशाला तोंड पाडून बसलायस? चुका होतात रे. एवढं किचकट काम, होतं एखाद्या वेळी. मनाला लावून घेऊ नकोस. जेवलाही नाहीस धड."

ओरडली असती तर त्यानं निभावून नेलं असतं. पण तो हात पाठीवर आला आणि त्याचा धीर सुटला.

"बिघाड नव्हता, ताई," तो जमिनीकडे बघत म्हणाला. "मी केलं."

मग त्यानं सगळं सांगितलं. यादी, रविवारचे फोन, तेहतीस वेळा, खिळा, साफसफाईचा मथळा. सभागृहातल्या टाळ्यांचंही सांगितलं, ते सांगायची काही गरज नव्हती तरी. ताईचा हात कधी उचलला गेला ते त्याला कळलं नाही.

ताईनं पाट मागं सरकवला. मग म्हणाली, "दीड महिना मी या घरात बाई म्हणून राहिले, समा. माझ्या बापाच्या घरात. रात्री आतून कडी लावायचे ते, मी चोरी करीन म्हणून. मी बाहेरच्या खोलीत पडून म्हणायचे, आपणच कमी पडलो. लहानपणापासून कुठं कमी पडलो ते आठवत बसायचे."

"ताई..."

"आणि आत्तासुद्धा तू बिघाड म्हणालास. मी इथं रडले तुझ्यासमोर, तुझीच समजूत काढली. तू काढून घेतलीस!"

 पायाखालची फरशी दुभंगून आपल्याला पोटात घेईल तर बरं, असं समाधानला मनापासून वाटलं. पण फरशी कसली दुभंगते!

आवाज ऐकून अण्णा काठी टेकत दाराशी आले. "काय गडबड आहे? कसला वाद?"

समाधाननं तोंड उघडलं, पण ताई आधी बोलली. पदर डोक्यावर घेऊन, बाईच्याच आवाजात. "साहेब, स्टँडवरचा एक प्रश्न आहे. तुम्ही कंट्रोलर, तुम्हीच सांगा."

अण्णांची पाठ ताठ झाली. "विचारा."

"सहा फलाट आहेत. एका पुण्याच्या गाडीनं त्यातले तीन अडवलेत. आडवीच लावलीय. बाकीच्या गाड्या बाहेरच्या बाहेर फिरतायत. रोजची गावातली गाडी तर दीड महिना आत आलेलीच नाही."

"दीड महिना!" अण्णा कडाडले. "त्या पुण्याच्या गाडीची सुटायची वेळ काय?"

"वेळ नाही."

"यायची?"

"येतही नाही, साहेब. नुसती लावून ठेवलीय. आपला फलाट जायला नको म्हणून."

"अहो, मग ती फलाटावर कशाला? काढा बाहेर! आत्ता काढा!" अण्णांनी काठी फरशीवर आपटली. "रोजच्या गाडीची माणसं उन्हात उभी ठेवून आपली गाडी लावून बसायचं? लाज नाही वाटत त्या ड्रायव्हरला?"

"वाटते, अण्णा," समाधान म्हणाला.

अण्णांनी त्याच्याकडे कौतुकानं पाहिलं. "बघा बाई, माझ्या मुलाला लगेच कळतं," म्हणाले आणि परत जाऊन आडवे झाले.

ताईनं देवळीतला डबा पुढं ओढला. "कुठं लावू अंगठा?"

"थांब. आधी ऐक. माझं पान एकदम बाहेर जाईल. मनातलं मोजत नाही ते, आणि समोर तर मी कधी आलोच नाही. खिळ्याच्या जोरावरच होतो. परत आत यायला पुष्कळ दिवस रोज भेटावं लागेल, आणि आलोच तरी आधीसारखा येईन याची खात्री नाही. सायकलबियकल राहीलच असं नाही."

ताईचा अंगठा हवेतच राहिला. तिनं आतल्या खोलीकडे पाहिलं. "तुला चालेल?"

"नाही चालणार," तो खरं बोलला. "पण लाव."

तिनं अंगठा लावला. डब्यावरचा हिरवा दिवा लुकलुकायला लागला. पानं जागेवर यायला अर्धा तास लागणार होता. समाधाननं तेवढ्यात कुंटे मॅडमना पत्र लिहिलं. सतरा नंबरचे आजोबा कोण, मुलगा का आठवत होता, ते यश कसलं होतं, आणि सही कशावर घेतली ते. या वेळी मथळा खरा दिला, 'मी केलेली लबाडी'. नोकरी जाणार हे दिसत होतं. पत्र गेल्यावर त्यानं साडेसातचं तिकीटही रद्द केलं. ताई गव्हाच्या डब्यात हात घालून नुसतीच बसली होती.

साडेचारच्या सुमारास आतून खाकरल्याचा आवाज आला.

ताई उठली नाही. 

"संजे!" आतून हाक आली. "ए संजे! चहाची गाडी आज किती लेट?"

 पदर खांद्यावर टाकून ताई धावत आत गेली, आणि मग तिचं हसणं, रडणं, नाक ओढणं सगळं एकदमच बाहेर ऐकू आलं. "अगं, झालं काय रडायला?" अण्णा म्हणत होते. "वाळलीस किती! जेवतेस का नाही? का मलाच घालतेस सगळं?"

समाधान उंबऱ्याबाहेरच उभा राहिला. आत जायचा हक्क नव्हता, आणि निघून जायला पाय उचलत नव्हता. शेवटी अण्णांचंच लक्ष गेलं. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं, चष्मा लावून पाहिलं, आणि पाहुण्याला बघून करतात तसे धोतराचे सोगे सावरले.

"हे कोण आलेत गं?"

ताईनं भावाकडे पाहिलं. सांगू शकली असती. सांगितलं नाही. "विचारा त्यांनाच," म्हणाली.

समाधानच्या ओठांवर 'तुमचा मुलगा' आलं होतं. त्या तोंडानं ते त्याला म्हणवेना.

"मी," तो म्हणाला, "मी संजूताईचा भाऊ."

"असं होय! मग असे बाहेर का? या की आत, बसा." अण्णांनी खाटेवर जागा करून दिली. मग नवल वाटून ते लेकीकडे वळले. "संजे, तुला भाऊ आहे? कधी बोलली नाहीस."

ताईनं चुलीवर आधण ठेवलं. तीन कप मोजून पाणी घातलं.

"कधी येत नव्हता ना, अण्णा," ती म्हणाली. "म्हणून सांगायचं राहून गेलं."